पुढे म्हणजे मागे

कार्यालयाचं घड्याळ वीस मिनिटं मागे पडलं आहे, ही बाब सर्वप्रथम कर्मचाऱ्यांच्या पोटांनी वरिष्ठांच्या निदर्शनास आणून दिली. जेवणाची सुट्टी होण्याआधीच डब्यांची झाकणं वाजू लागली. वरिष्ठांनी पोटांना तोंडी समज दिली. घड्याळाकडे लक्ष जायला त्यानंतर बरेच महिने गेले.

तसं या कार्यालयाचं काम मोठं जोखमीचं. संगणकाच्या आत एक गाभा असतो. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याला हाका मारतात आणि आपापली कामं करून घेतात. गावोगावच्या शाळा, दवाखाने, कचेऱ्या ज्याच्यावर चालायच्या, तो गाभा इथे सांभाळला जाई. देवाच्या खालोखाल इतक्या हाका कुणाच्या कानावर पडत नसतील. फरक एवढाच की गाभा लगेच उत्तर देतो, आणि ते बहुधा नकाराचं असतं.

या हाकांपैकी घड्याळ सरकवायची हाक ज्यांच्याकडे होती, त्यांना सगळे काटेबुवा म्हणत. स्वभावाने लोण्याहून मऊ माणूस. पण घड्याळवाल्या माणसाला घरी उशीर व्हावा, हे त्यांच्या कपाळी लिहिलेलं. कार्यालयाचं मुख्य दार त्याच गाभ्याचं ऐकायचं: सकाळी सगळे आत आले की मिटायचं आणि संध्याकाळी पाचचा ठोका पडला की उघडायचं. घड्याळ मागे, म्हणून दार मागे, म्हणून बुवा मागे. लेकीच्या शाळेतलं नाटक त्यांनी पडदा पडताना पाहिलं होतं. तिचा साखरपुडाही त्यांना फोटोंवरूनच ठाऊक होता.

तीच लेक आता शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने दूरदेशी नोकरीला निघाली होती.

"बाबा, सहाची गाडी आहे," तिने आठवडाभर आधी बजावलं. "तुम्ही आला नाहीत ना, तर मी खिडकीतून बघत बसेन आणि गाडी निघून जाईल."

"येतो म्हणजे येतो," बुवा म्हणाले. बायको भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

वीस मिनिटं पुढे केली की झालं, एवढंच तर काम. पण जुन्या हाकेत दोन अडचणी होत्या. एक, तिला नऊ मिनिटांच्या वर काही मागितलं की ती "जमणार नाही" म्हणून पिपाणीसारखा आवाज काढी, आणि आठवड्यातून एकदाच ऐके. दोन, "पुढे" म्हटलं की घड्याळ मागे जाई.

हे दुसरं ज्यांनी केलं ते थोरले साहेब कधीच निवृत्त झाले होते. त्यांचा हिशेब सरळ होता. बैठक पुढे ढकलली म्हणजे ती लांबते. मग घड्याळ पुढे ढकललं की वेळ लांबायला नको का? वेळ लांबवायची तर काटा मागेच गेला पाहिजे. उभं आयुष्य बैठका पुढे ढकलण्यात गेलेल्या माणसाला "पुढे"चा दुसरा अर्थ सुचायचं कारण नव्हतं.

बुवांनी दुरुस्तीचा प्रस्ताव मांडला. बैठक तीनदा पुढे ढकलली गेली आणि अखेर शुक्रवारी दुपारी, नाइलाज होऊन, भरली.

"बुवा, पुढे म्हणजे मागे, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय," आताचे साहेब म्हणाले. "लोक उलटं लिहितात, गाभा उलटं वाचतो, वेळ सुलट लागते. मध्येच तुम्ही सरळ वागायला लागलात तर किती जण तोंडावर आपटतील?"

"पण साहेब, ती चूक आहे."

"चूक होती. तिला आता वीस वर्षं झाली. आता ती पद्धत आहे."

"मग जुनी हाक तशीच ठेवू. तिच्यात एक रकाना वाढवू. तिथे 'शब्दशः' असं लिहिलं तर पुढे म्हणजे पुढे, आणि हवी तितकी मिनिटं. रकाना कोरा असला तर सगळं पूर्वीसारखं, चुकांसकट."

साहेबांना "चुकांसकट" फार आवडलं. त्यांनी ते ठरावात घालायला सांगितलं. तेवढ्यात शाळा खात्याच्या बाईंनी चष्मा काढला.

"आणि नकाराचं काय?"

"नव्या रकान्यात नकार नाही, बाई. तेच तर सुधारलंय."

"अहो, आमची शाळा नकारावर सुटते."

बुवांना वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. बाईंनी शांतपणे खुलासा केला. फार पूर्वी शाळांचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला घंटा वाजवायची हाक काही सापडली नव्हती. मग तो शाळा सुटायच्या वेळी घड्याळ नव्वद मिनिटं सरकवायला सांगायचा. गाभा "जमणार नाही" म्हणून पिपाणी वाजवी आणि पोरं दप्तरं उचलून घरी पळत.

"उद्या आम्ही तुमचा नवा रकाना घेतला आणि नकारच आला नाही, तर पोरं वर्गात म्हातारी होतील," बाई म्हणाल्या.

"मग तुम्ही रकाना कोरा ठेवा ना."

"सगळ्यांनी नवं घ्यायचं आणि आमच्या पोरांनी जुनंच वापरायचं? आई-बाप मोर्चा आणतील."

साहेबांनी डोळे मिटले. ते असे डोळे मिटत तेव्हा तोडगा निघत असे, आणि तो निस्तरायला बुवांना वर्ष लागत असे. "बुवा, नव्या हाकेने काम करायचं," ते म्हणाले, "पण वर 'जमणार नाही' असं म्हणायचंच. म्हणजे कुणाचंच काही मोडत नाही."

हो म्हणून काम न करणारे बुवांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. नाही म्हणून काम करणारा जन्माला घालायची पाळी त्यांच्यावरच आली होती. पण गाडी सहाची होती. त्यांनी मुकाट्याने रकाना जोडला, नकार जोडला आणि पाचला पुष्कळ अवकाश असताना पहिली हाक मारली: पुढे, वीस, शब्दशः.

घड्याळ निमूटपणे वीस मिनिटं पुढे झालं. गाभा म्हणाला, "जमणार नाही." पिपाणी वाजली.

आतल्या खोलीत साहेबांनी फक्त पिपाणी ऐकली. 'बिचाऱ्याची लेक चालली आहे,' असं त्यांच्या मनात आलं. माणूस वाईट नव्हता, नुसता वरिष्ठ होता. त्यांनी बुवांना मदत म्हणून आपल्या टेबलावरून तीच हाक पुन्हा मारली. घड्याळ आणखी वीस मिनिटं पुढे झालं आणि पावणेपाचवरून टुणकन पाच वाजून पाच मिनिटांवर जाऊन बसलं.

सगळे पिशव्या घेऊन दाराशी गेले. दार ढिम्म. दाराला पाचचा ठोका ऐकायची शिकवण होती. पाच आज वाजलेच नव्हते, म्हणून ते उद्याच्या पाचची वाट बघत उभं राहिलं.

"अर्ज करा," साहेब म्हणाले. "दाराच्या खात्याकडे."

"ते खातं कुठंय?"

"बाहेर."

पाचवर सहा मिनिटं झाली, सात झाली, आठ झाली. नव्या हाकेला हात लावायची बुवांची छाती होईना. ती काय करते आणि काय म्हणते याचा आता त्यांनाच भरवसा नव्हता. आणि मग, अडलेल्या माणसाला घरातली सगळ्यात म्हातारी बाई आठवावी तशी, त्यांना जुनी हाक आठवली. या आठवड्यात तिला कुणी हाक मारलीच नव्हती. त्यांनी रकाना कोरा ठेवला आणि लिहिलं: पुढे, नऊ.

घड्याळ नऊ मिनिटं मागे गेलं. पाचला एक कमी. सगळे पिशव्या सावरून दाराला चिकटले. पाचचा ठोका पडला, दार उघडलं आणि बुवा धावत सुटले. ज्या चुकीवर ते वीस वर्षं दात खात होते, तिला त्यांनी जिना उतरता उतरता हात जोडले.

स्टेशनात ते शिरले तेव्हा सहाला चांगला अवकाश होता. फलाट रिकामा. गाडी नाही, लेक नाही, बायको नाही. सहा वाजले तरी कुणी आलं नाही. स्टेशनातलं मोठं घड्याळही असंच कुणाच्या तरी हातातलं, मागे पडलेलं असेल, गाडी केव्हाच गेली असेल, लेक खिडकीतून बघत बघत गेली असेल, असं मनात येऊन बुवा बाकावर बसले आणि त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

बऱ्याच वेळाने कुणीतरी खांद्याला हात लावला. "अहो, तुम्ही? इतक्या लवकर?" बायको विचारत होती. मागे लेक, हातात पिशव्या, अजिबात घाई नाही.

"गाडी सहाची होती ना?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. "सातची आहे, बाबा," लेक म्हणाली. "तुम्हाला आम्ही नेहमीच तासभर अलीकडची सांगतो. मी लहान होते तेव्हापासून."

"मग आता तरी खरी सांगत जा. मी दुरुस्ती केली आहे."

"नको," बायको म्हणाली. "इतक्या वर्षांचं बसलेलं आहे, उगाच हात लावू नका."

गाडी आली. लेक खिडकीत बसली. "बाबा, माझ्याकडे कधी येणार?"

"येऊ की," बुवा सवयीने म्हणाले, "पुढे बघू."

लेकीचा चेहरा उतरला. घरात "पुढे बघू"चा अर्थ सगळ्यांना पाठ होता. बुवांच्या ते ध्यानात आलं. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चालू लागले. "शब्दशः," ते ओरडले, "शब्दशः पुढे!" लेकीला ते कळलं की नाही, देव जाणे.

ही हकिकत ऐकून लोक बुवांच्या कार्यालयाला हसतात. आपणही हसला असाल. हसून झाल्यावर आपल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघा. ते किती मिनिटं पुढे लावलं आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आताही आपण मनातल्या मनात तेवढी वजा केलीतच. तेही एक वेळ राहू द्या. पण आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या कुणाला तरी आपण अलीकडेच "पुढे बघू" म्हणाला होतात. त्या माणसाने ते उलटंच वाचलं आहे, आणि बरोबर वाचलं आहे.