बाजरीची गती

गाण्याला सूर लागतो, ताल लागतो, हे खरे; पण सर्वांत आधी सॉफ्टवेअर लागते, आणि तेही योग्य निवडलेले. जे घाई करतात, त्यांची गाणी होऊन जातात.

हे तत्त्व धुळ्याच्या बन्सीलाल नानांइतके कोणी निष्ठेने पाळले नसेल. नाना निवृत्त ग्रंथपाल. त्यांची थोरली बहीण, धुरपदा अक्का, साक्रीकडच्या खेड्यात राहते. आईचे जात्यावरचे एक गाणे आता जगात फक्त तिलाच येते. ते संगणकावर बसवायचे, मागे बासरी-ढोलकी घालायची आणि टिकवायचे, असे नानांनी ठरवले. तेव्हा गाण्याची एकवीस कडवी होती.

पहिले वर्ष निवडीत गेले. नानांनी नऊ सॉफ्टवेअरांचा तुलनात्मक तक्ता केला, रकाने चौतीस. (‘गाणे’ हा पस्तिसावा रकाना जागेअभावी वगळला.) तीन जणांची समिती नेमली. तिघेही नानाच होते, तरी एकमत होईना.

दुसरे वर्ष शिकण्यात गेले. एकशे बारा धडे पाहून झाल्यावर नानांना सॉफ्टवेअर उघडता येऊ लागले. (बंद करणे पुढच्या धड्यात होते.) उघडताच त्याने विचारले : मिनिटाला ठोके किती?

नानांनी फोन लावला. “अक्का, गाण्याची गती किती धरू?”

“दळनं काय शे?”

“दळायचं काही नाही. नुसतं गाणं.”

“नुसतं कसं रे येडा? गहूले जोर लागस, गानं हळू चालस. बाजरी व्हई तं भराभर पळस. दाना कोनता ते सांग पहिले!”

नानांना हे रास्त वाटले. गतीच्या चौकटीत गहू, बाजरी व दादर ज्वारी असे पर्याय असावेत, अशी पत्रे त्यांनी नऊही कंपन्यांना धाडली. आठांनी आभार मानले. नववीने विचारले, आपल्या संगणकावर बाजरीची कोणती आवृत्ती आहे?

या काळात गाण्याकडे दुर्लक्ष झाले असे मात्र नाही. दर चैत्रात नाना शिल्लक कडवी विचारून नोंदवत : एकवीस, सतरा, अकरा. (आलेख सुबक आला आहे.)

परवा अक्काची नात भूमिका हिचा फोन आला. “नाना, आजी आत्ता गातेय. मोबाइलवर घेऊन ठेवू का?”

“मोबाइलवर? असं थेट?” नाना हादरले. “आधी विचार, गव्हावर गातेय की बाजरीवर?”

भूमिका विचारून आली. “बाजरीवर म्हणाली. पण मधेच बोलले ना मी, आता पुढचं तिला आठवतच नाहीये.”

नानांनी बाजरी नोंदवली. मग कडव्यांच्या रकान्यात अकरावर काट मारली.

नानांना हसणे सोपे आहे. आपणही इथवर आलात. चौतीस रकाने, एकशे बारा धडे, नऊ कंपन्या, सगळे ध्यानात राहिले असेल. गाण्याचे शब्द काय होते, हे मात्र आपणही एकदासुद्धा विचारले नाहीत.