संतराम गव्याची कप्तानकी

एका जंगलात, मैदानाच्या काठाला, एक उंबर हुता, आनि त्या उंबराखाली बसलेल्या परत्येकाला फुटबॉल कळत हुता.

पोरांनो, नीट ऐका. मधीच 'जनावरं फुटबॉल कशी खेळतील' म्हनून इचारायचं न्हाई. तुमच्या गल्लीतली खेळत्यात, मग जंगलातल्यांनी काय घोडं मारलंय?

तर त्या जंगलाची एक टीम हुती. तिचा कप्तान संतराम गवा. काळाभोर, खांदा टेकडीएवढा. त्याच्या उजव्या शिंगाला तांबडं फडकं बांधलेलं असायचं. ती कप्तानाची खून. कळपात चाळीस गवे, सगळे काळे, सगळ्यांचे पाय गुडघ्यापतुर पांढरे. फडकं हुतं म्हनून संतराम वळखू यायचा. पानवठ्यावर गेला की बाकीचे सरकून वाट द्यायचे. "या कप्तान," म्हनायचे. त्येवढं ऐकायला त्यो दिवसातनं चार डाव पानी प्यायचा.

पन त्या साली सात मॅची झाल्या, संतरामचा एक गोल न्हाई.

ह्येचं कारन सांगतो. त्येला बॉलच मिळत नव्हता. त्या जंगलाची रीत अशी, की बॉल द्यायचा तर आपल्या भावकीला. रानडुकरानं रानडुकराला, माकडानं माकडाला. परक्याला दिला तर काठावरची भावकी घरी गेल्यावर कान उपटायची. आनि टीममधी गवा एकच. मग त्येला बॉल देनार कोन, त्येचा सासरा?

पन उंबराखाली ही गोष्ट कोन बोलत नव्हतं. तिथं मोठ्या गोष्टी चालायच्या.

"कप्तान संपला," गनपा घोरपड म्हनला. ह्यो गनपा म्हंजे उंबराखालचा म्होरक्या. दिवसभर तापल्या दगडाला चिकटून पडायचा. जन्मात बॉलला पाय लावला नव्हता.

"कवाच संपलाय," चंपाबाई साळींदर म्हनली. "पळतोय बघा की कसा. मागं नांगर बांधल्यागत."

"आन त्ये शिंग," बापू रानडुक्कर म्हनला. "डोक्यानं मारतोय आन बॉल फोडतोय."

"एकदाच फुटला," संतराम म्हनला. त्यो तिथंच मागं हुबा हुता. कोनी मान वळवली न्हाई.

"मी म्हंतो, विंगरच नवीन आना," गनपा म्हनला. "कडंनं वारा सुटल्यागत पळनारं पायजे कोनतरी."

मग वरल्या रानातनं दोन विंगर आनले. एक भेकर, एक ससा. दोघांच्या गळ्यात हार घातलं, गुलाल उधळला. भेकरानं आपला हार तिथंच खाल्ला.

पावन्यांस्नी भावकीची रीत लागू न्हाई, म्हनून पैल्या मॅचला भेकराला बॉल दिला. भेकर असं सुटलं, असं सुटलं, की बॉल ऱ्हायला जाग्यावर आन भेकर पोचलं पलीकडच्या टोकाला.

"काय स्पीड हाय," उंबराखाली सगळी म्हनली.

मग बॉल सशाला दिला. त्यो बॉल घेऊनच पळाला. रेघ वलांडली, वढा वलांडला, डोंगरामागं गेला, आन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. संगं बॉल हुता.

"शेवटपतुर बॉल सोडला न्हाई," गनपा म्हनला. "ह्येला म्हनत्यात कंट्रोल."

बॉलच नव्हता म्हनून मॅच बरोबरीत सुटली. शेवटच्या अर्ध्या तासात कप्तानानं एक गोल मारला न्हाई, ह्ये मातूर सगळ्यांच्या ध्यानात ऱ्हायलं.

घरी संतराम चारा सोडून बसला. त्याची बायको पारू रवंथ करत हुती.

"शनवारी सभा हाय," त्यो म्हनला. "फडकं काढनार म्हनत्यात."

"काढू द्या की. शिंग तर ठेवतील न्हवं?"

"तुला कळत न्हाई, पारू. चाळीस गव्यात मला वळखनार कोन फडक्याबिगर?"

"मी वळखते की. तुमी घोरता तसं दुसरं कोन घोरत न्हाई कळपात."

बायकोनं वळखून काय उपेग, असं संतरामला वाटलं. गवा झाला तरी नवराच त्यो.

शनवारी सभा भरली. पैला इषय, भेकर डाव्या कडंला का उजव्या. डाव्यावाले एकीकडं, उजव्यावाले एकीकडं. हळूहळू आवाज चढला. आता भेकर आन ससा ही भित्री जात. बाजूला पाचोळा वाजला तरी पळनारी. हितं तर दीडशे तोंडं एका टायमाला बोंबलायला लागली. दोघं जी सुटली ती वरल्या रानातच जाऊन थांबली. परत काय आली न्हाईत.

"विंगर गेले," संतराम मागनं म्हनला.

"जरा थांब," गनपा म्हनला. "पैलं ठरू दे कुठल्या कडंला खेळवायचं."

आजून तीन तास वाद झाला. शेवटी डावी कड ठरली. टाळ्या पडल्या. मग कोनाच्या तरी ध्यानात आलं, की उद्या नदीपल्याडच्या वानरांसंगं मॅच हाय आन विंगर न्हाईत.

"माझा चुलतभाऊ घ्या," बापू म्हनला.

"तुझा कशाला? माझी भाची घ्या," चंपाबाई म्हनली.

कोनाची भावकी कोनाला चालंना. परत्येकानं परत्येकाच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या. शेवटी गनपा दगडावरनं उठला. त्येला उठलेला लोकांनी पैल्यांदा बघितला.

"भाऊ न्हाई, भाची न्हाई," त्यो म्हनला. "ज्यांस्नी खेळ कळतोय त्यांनीच खेळायचं. पंधरा वर्सं बघतोय आमी. बघून बघून पायात उतरलाय."

ह्ये सगळ्यांस्नी पटलं. उंबराखालची अकरा मोठी तोंडं निवडली, झाली टीम. संतरामचं फडकं सोडलं आन चंपाबाईच्या काट्याला बांधलं.

"मग मी कुठं खेळू?" संतरामनं इचारलं. शिंगावरनं वारं गेल्यागत वाटत हुतं त्येला. इतकं हलकं शिंग त्येला सोसत नव्हतं.

"तू बस," बापू म्हनला.

"कुठं?"

"कुठं म्हंजे? आमची जागा रिकामीच हाय की उद्या."

दुसऱ्या दिवशी मॅच सुरू झाली. संतराम उंबराखाली मान घालून बसला. येनारजानारी त्येला नुसता एक गवा समजून बाजूनं गेली. एका टिटवीनं तर त्येलाच इचारलं, "संतराम कुठं दिसला का?"

"न्हाई," संतराम म्हनला.

मैदानात आपली टीम उतरली. विंगर व्हायचं सगळ्यांच्याच मनात. पन उजव्या कडंला ऊन हुतं, म्हनून गोलवाला सोडून दहाच्या दहा डाव्या कडंच्या सावलीत हुबी ऱ्हायली. गोलात गनपा घोरपड. तिथं एक तापलेला दगड हुता, त्येला चिकटून त्येनं डोळं मिटलं.

वानरं मधनं आली आन गोल मारून गेली. परत आली, परत मारून गेली. चंपाबाईनं एकदा बॉल अडवला. त्यो तिच्या काट्यात बसला आन फुसकन जीव सोडला. दुसरा आनला, त्योबी तसाच गेला, मग तिसरा काढला.

संतरामनं मान वर केली. आन त्येला काय दिसलं ठावं हाय का? सगळं मैदान. अकरा वर्सं त्यो मैदानात पळला, पन त्येला फकस्त फुडच्याचा पार्श्वभाग दिसायचा. हितनं सगळं तळहातागत दिसत हुतं.

"अरं मधी कोनच न्हाई," त्येच्या तोंडातनं निघून गेलं.

शेजारच्या दोनचार जनांनी वळून बघितलं.

"बरोबर बोलला ह्यो," एक जन म्हनला.

संतरामला बरं वाटलं. त्यो जरा मोठ्यानं म्हनला, "बापू, बॉल सोड की. दाताखाली धरून काय लोनचं घालतोस?"

लोक हसली. त्येच्या भवतीनं सरकून बसली. कोनीतरी कोवळं गवत आनून फुडं ठेवलं. अर्ध्या मॅचला संतरामचा घसा मोकळा सुटला. असं पायजे हुतं, तसं पायजे हुतं, ह्येला काढा, त्येला घाला. सगळं त्येला आपसूक सुचाय लागलं.

"आमच्या टायमाला असं नव्हतं," त्यो म्हनला. त्येचा टाइम काल सांजेपतुर हुता. पन लोकांनी माना डोलावल्या.

चौदा गोल बसले. आपली टीम जीभ बाहेर काढून काठाला आली. बघत्यात तर आख्खं जंगल संतरामच्या भवती.

गनपानं डोळं चोळत हात जोडले. "संतरामभाऊ, एवढं ज्ञान हुतं तुमच्याकडं, आन आमी तुमास्नी मैदानात सडवलं."

"चालायचंच," संतराम म्हनला.

उंबराखालचा सपाट दगड त्येला दिला. चंपाबाईनं फडकं काढून फुडं धरलं. "घ्या, तुमचं तुमाला. तुमच्याबिगर कोन करनार कप्तानकी?"

संतरामनं फडक्याकडं बघितलं. मग मैदानाकडं बघितलं. तिथं ऊन लई हुतं.

"मी खेळलो तर हितनं बघनार कोन?" त्यो म्हनला.

ह्येबी सगळ्यांस्नी पटलं.

फुडच्या मॅचला वानरं आली. हिकडनं मैदानात कोनच उतरलं न्हाई, कारन संतरामजवळची जागा सोडायला कोन तयार नव्हतं. वानरांनी मोकळ्या मैदानात नऊ गोल मारले. संतरामनं परत्येक गोल का झाला त्ये बैजवार सांगितलं. दहाव्या गोलाच्या आदी वानरांचा कप्तान कान देऊन हुबा ऱ्हायला. मग त्यो हळूच काठाला आला आन खाली बसला. त्येच्या मागनं त्येची टीम आली.

"सरका जरा," वानरांचा कप्तान म्हनला. "काय म्हनत हुता तुमी, आमच्या डाव्या विंगरचं काय चुकतंय?"

संतराम सांगाय लागला. बॉल मैदानाच्या मधी पडला हुता. आजूनबी तिथंच हाय. त्येच्यावर आता वारूळ चढलंय, आन त्यो काढायला डाव्या कडंनं जायचं का उजव्या, ह्यावर उंबराखाली दोन्ही टीमांची चर्चा चालू हाय.

तात्पर्य: ज्येला खेळ येत न्हाई, त्येनं खुशाल मैदानात जावं. ज्येला येतोय, त्येनं सकाळी लौकर उठून काठावरची सावली धरावी.