डाव्या गालाची देखरेख समिती

काशीरामच्या डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. रत्नागिरीच्या डॉक्टर मृणाली यांनी तो पाहून सांगितलं, "हा कॅन्सर नाही, पण होऊ शकतो. तंबाखू आजपासून बंद. तुकडा काढून तपासायला पाठवू. आणि चट्ट्यावर सतत लक्ष ठेवायचं."

विषय गंभीर असल्याने वाडीची सभा बसली. रिवाजाप्रमाणे आधी तंबाखूची डबी फिरली. ती सर्वांपर्यंत पोहोचल्याशिवाय आमच्या वाडीत कोणताही ठराव मांडला जात नाही. लक्ष ठेवण्याची सूचना एकमताने मंजूर होऊन समिती नेमण्यात आली. तंबाखूबंदी हा धोरणाचा प्रश्न, म्हणून तो मुंबईत नोकरीला असलेल्या वाडीकरांच्या मंडळाकडे गेला. तुकड्याला मात्र कडाडून विरोध झाला.

"तुकडा काढला, तर समितीने लक्ष कशावर ठेवायचं?" अध्यक्ष गंगाराम तंबाखू मळत म्हणाले. ते काशीरामचे धाकटे चुलतभाऊ.

समितीने कसूर केली नाही. दर रविवारी काशीराम ओट्यावर आ करून बसे. एकजण टॉर्च धरी, दुसरा मोबाईलवर फोटो काढी. फोटो मुंबईला जात, तिकडून पसंतीचे अंगठे येत. समितीच्या कामात अडथळा नको, म्हणून काशीराम तंबाखू उजव्या गालात धरू लागला. डावा चट्टा फिकटला. समितीने स्वतःचा सत्कार ठरवला.

सत्काराच्या सभेत काशीरामची बायको हौसा उठली. "भावजी, ह्यांच्या उजव्या गालात लाल झालंय. तिखट सोसत नाय. भाकरी पन भिजवून देते."

"वहिनी, समिती डाव्या गालाची आहे. उजव्यात डोकावलो, तर उद्या लोक विचारतील, अधिकार कोणी दिला?"

"मग मुंबईला विचारा."

"विचारू. शिमग्याला चाकरमानी आले की विषय घेतील."

"आनि गाल थांबेल शिमग्यापर्यंत?"

यावर डबी पुढे सरकवण्यात आली. काशीरामचा हात तिच्याकडे गेला. त्याआधी हौसाने ती उचलली, कमरेला खोचली आणि नवऱ्याला दंडाला धरून रत्नागिरीच्या एसटीकडे चालू लागली.

सभेला या वर्तनाचा निषेध करायचा होता. पण डबीशिवाय ठराव मांडता येईना.

तुम्हीही हसलात, ते ठीक. आता आरशापुढे उभे राहा, आ करा, दोन्ही गाल बघा. तोंडात काही असेल, तर आधी थुंकून या.

मी थांबतो.