शिशातली बावीस अक्षरं

दर बुधवारी सकाळी खिळेकाकांच्या स्वयंपाकघरातून लाटणं नाहीसं व्हायचं आणि तासाभराने काळंकुट्ट होऊन परत यायचं. पहिल्या बुधवारी काकूंनी ते मुकाट्याने घासलं. दुसऱ्या बुधवारी घासता घासता चार शब्द ऐकवले. तिसऱ्या बुधवारी त्यांनी स्वतःसाठी नवं लाटणं आणलं आणि जुनं काकांच्या टेबलावर नेऊन आदळलं. संसारात प्रत्येक भांडण जिंकायचं नसतं, काही भांडणं विकत आणलेल्या लाटण्याने मिटतात, हे त्यांना एव्हाना कळलेलं होतं.

खिळेकाका म्हणजे छापखान्यातले जुने जुळारी. शिशाची सुटी अक्षरं, ज्यांना छापखान्यात खिळे म्हणतात, ती एकेक उचलून ओळीत लावण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी विचारलं, "आठवण म्हणून काय नेतोस?" काकांनी कोपऱ्यातल्या लाकडी खणाकडे बोट दाखवलं. त्यात हिब्रू अक्षरांचे खिळे होते. वर्षातून एकदा बाहेरचा कुणी जाणकार येऊन त्यातलं काम करून जायचा, आणि फोरमन काकांना बजावायचा, "तू हात लावू नकोस. तुला त्यातलं काही कळत नाही." काकांनी चाळीस वर्षं तो खण फक्त पुसला. ते वाक्य मात्र कधी पुसलं गेलं नाही.

त्यामुळे वाचनालयाच्या फळ्यावर 'हिब्रू मुळाक्षरे, नवशिक्यांसाठी, दर बुधवारी दुपारी चार' अशी सूचना लागली, तेव्हा तिचा गोंद सुकायच्या आत काकांनी नाव नोंदवलं होतं.

वर्गाच्या बाई शिस्तीच्या होत्या. त्यांचं म्हणणं, आधी कान तयार करायचा, मग डोळा. म्हणून पहिले सहा आठवडे वर्गात नुसतं म्हणायचं आणि घरी अक्षरं गिरवायची. म्हणण्यात काका सगळ्यांच्या पुढे. आलेफ, बेत, गिमेल, दालेत अशी गाडी सुटली की थेट शेवटच्या ताववर जाऊन थांबायची. खेत नावाचं अक्षर घशाच्या तळातून खरवडून काढावं लागतं. काकांनी ते घरी इतकं मनापासून खरवडलं की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, "काकांना बरं नाही का?"

"बरे आहेत," काकू म्हणाल्या. "शिकतायत."

एकदा काका बाल्कनीत येरझाऱ्या घालत सगळी अक्षरं म्हणत होते. आतून आवाज आला, "एकवीसच झाली. मधलं एक खाल्लंत."

काकांनी बोटं मोजली. खरंच, सामेखनंतरचं आयिन राहिलं होतं. "तू मोजत बसतेस?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"कान बंद करायची सोय नाही ना," काकू म्हणाल्या, आणि विषय संपला.

गिरवण्याचं काकांनी आपल्या पद्धतीने जमवलं होतं. हात थरथरतो, रेघ सरळ येत नाही, पण खिळे आहेत की. ते खणातल्या नावं लिहिलेल्या कप्प्यांतून बावीस खिळे निवडून ओळीत लावायचे, शाई फिरवायचे, वर कागद ठेवून लाटणं दाबायचे. कागदावर देखणी अक्षरं उमटायची. खाली ओळीने पेन्सिलीने मराठीत नावं लिहिली की गृहपाठ तयार. एक चांगला कागद निघेपर्यंत पाच-सहा, नावं लिहून झालेलेही, फुकट जायचे, ते काकू फडताळात डब्यांखाली अंथरायच्या.

पहिला गृहपाठ बघून बाई थक्कच झाल्या. "काका, हे तुम्ही हाताने केलंत?"

"हातानेच," काका म्हणाले. ते खोटं नव्हतं. लाटणं काही पायाने चालत नाही.

"वळण बघा सगळ्यांनी. हातच्या काकणाला आरसा कशाला!"

या एका वाक्याने काका हातभर उंच झाले. त्यांनी इमारतीत सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, आणि शेवटी जिथे सांगायला नको होतं तिथेही सांगितलं. म्हणजे अनुस्वारला.

अनुस्वार हे छापखान्यातल्या मुद्रितशोधकाचं टोपणनाव. काकांनी जुळवलेला प्रत्येक मजकूर छापून आधी त्याच्या टेबलावर जायचा आणि लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन परत यायचा. चाळीस वर्षांत त्याने काकांचा एक अनुस्वार सोडला नाही. दोघे एका डब्यातलं जेवले, एकमेकांच्या आजारपणात बसले, पण ती पेन्सिल मधे राहिलीच.

"वर्गाचा शेवटचा कार्यक्रम आहे रविवारी सकाळी," काका म्हणाले. "प्रत्येकाने पाच शब्द वाचून दाखवायचे. तू ये."

"येतो की."

"पेन्सिल घरी ठेव."

"पेन्सिल खिशातच असते," अनुस्वार म्हणाला. "पण तू वाच बिनचूक. मला आनंदच आहे."

काकांनी घरच्या-दारच्या अकरा जणांना बोलावलं. आता जे काही होणार ते अकरा अधिक अनुस्वार यांच्यासमोर होणार होतं.

सातव्या बुधवारी बाई म्हणाल्या, "कान तयार झाले. आता वाचन." त्यांनी फळ्यावर अक्षरं लिहिली आणि अर्थातच पहिल्यांदा वर्गातल्या अव्वल विद्यार्थ्याला उठवलं.

काका उठले. फळ्याकडे बघितलं. फळ्यावर एकही ओळखीचा चेहरा नव्हता. बेतचं तोंड उजवीकडे असायला हवं, ते डावीकडे होतं. गिमेल पाठमोरा चाललेला. एक खेत तेवढा ओळखू आला, एक सामेख आणि एक शिन. बाकी सगळी मंडळी जणू पाहुणी आलेली.

"काका?" बाई म्हणाल्या.

"आज डोकं दुखतंय," काका म्हणाले, आणि बसले. आता खरंच दुखायला लागलं होतं.

घरी येऊन त्यांनी कपाटातून आपलाच गृहपाठ काढला. तोही वाचता येईना. स्वतः छापलेला कागद, आणि अक्षर ओळखू येत नाही! कागद हातात धरून ते खोलीत उभे असताना आरशात नजर गेली. आरशातला कागद त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत घडाघडा वाचला.

मग ते पलंगावर बसले आणि त्यांना सगळं समजलं. शिशाचं अक्षर उलटं असतं, तरच ते कागदावर सुलटं उमटतं. काका हिब्रू शिकले ते शिशावरून. छापलेला कागद त्यांनी फक्त शाईचे डाग बघायला डोळ्यांसमोर धरला, खालची नावंही क्रमाने, न बघता लिहिली. कारण छापखान्यातला अलिखित नियम असा की जुळाऱ्याने शिसं वाचायचं, कागद वाचायला मुद्रितशोधक असतो. मराठीत हे खपून गेलं, कारण मराठी ते शाळेत शिकले होते, छापखान्यात नव्हे. हिब्रूत मात्र सहा आठवड्यांची मेहनत एका बाजूने सोळा आणे आणि दुसऱ्या बाजूने शून्य. सारखीच दिसणारी तेवढी तीन अक्षरं पदरात पडली होती.

हातात चार दिवस होते. काकांनी सुलटी अक्षरं घोकायला घेतली. शुक्रवारपर्यंत सुलटी पाच आली आणि उलट्यांपैकी चार जायला लागली. तेव्हा त्यांनी घोकणं थांबवलं. आहे ते तरी हातचं जाऊ नये.

शनिवारी त्यांना काकूंच्या ड्रॉवरमध्ये पर्समधला छोटा गोल आरसा दिसला. तळहातात मावणारा. पाठमोरं जरा वळायचं, खोकला आल्यासारखं करायचं आणि आरशात बघून वाचायचं. काकांनी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. विद्यार्थीदशेत त्यांनी कधी कॉपी केली नव्हती. सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा करायची म्हणून त्यांना रात्रभर कसंसंच होत होतं, पण फोरमनचं वाक्य आठवलं की ते कूस बदलत.

रविवारी सकाळी काकूंनी कोटाला इस्त्री केली. आतल्या खिशात आपला आरसा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. अलीकडे हे माणूस कुठे काय ठेवेल त्याचा नेम नाही. त्यांनी आरसा जागच्या जागी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि खिशात धुतलेला रुमाल घातला.

वाचनालयाच्या सभागृहात खिडक्या मागच्या भिंतीला होत्या आणि सकाळचं ऊन प्रेक्षकांच्या डोक्यांवरून थेट वाचणाऱ्याच्या तोंडावर येत होतं. पुढच्या रांगेत काकू, त्यांच्या शेजारी अनुस्वार, मागे अकरा जणांची फौज. काकांचं नाव पुकारलं गेलं. बाईंनी जाड शाईच्या पेनाने पाच शब्द लिहिलेला पातळ कागद त्यांच्या हातात दिला.

काकांनी खिशात हात घातला. रुमाल. दुसऱ्या खिशात घातला. चष्म्याचं घर.

"सावकाश," बाई म्हणाल्या.

अनुस्वारने मान थोडी पुढे काढली. काकांनी कागदाकडे बघितलं, तर तिथे तीच फळ्यावरची परकी मंडळी. घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला, कागद डाव्या हातात उलटा होऊन वर गेला, आणि उन्हात त्याची मागची बाजू उजळली. जाड शाई आरपार दिसत होती. आणि मागच्या बाजूने सगळे ओळखीचे चेहरे बघत होते. बेतचं तोंड जिथे हवं तिथे.

काकांनी दोन्ही हातांनी कागद उंच धरला, लिहिलेली बाजू लोकांकडे आणि कोरी आपल्याकडे, आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "आलेफ, वाव, रेश. ओर. म्हणजे उजेड."

सभागृहात कुजबूज झाली. "न बघता वाचतोय बघ." "कागद आपल्याला दाखवतोय, स्वतः बघतच नाही."

"बेत, योद, ताव. बायित. घर." काकांचा आवाज चढला. तिसरा शब्द सेफेर, म्हणजे पुस्तक, तोही सुटला. चौथ्या शब्दाचं पहिलं अक्षर योद. दुसऱ्यावर गाडी अडली. दालेत आणि रेश ही दोन अक्षरं जुळी भावंडं. दालेतच्या खांद्याला एक इवलासा कोपरा असतो, रेशचा खांदा गोल. मागच्या बाजूला शाई पसरून कोपरा आणि गोलाई एक झाली होती. काकांनी कागद हलवला, तिरका केला. दालेत असेल तर हात, रेश असेल तर बाईच जाणे. अनुस्वारचा हात नकळत खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.

"दालेत," पुढच्या रांगेतून हळू आवाज आला. "कोपरा आहे."

काकांनी कागदावरून डोकावून बघितलं. अनुस्वार नव्हता बोलला. अनुस्वार वळून काकूंकडे बघत होता.

"योद, दालेत. याद," काका म्हणाले. "हात." आणि पाचवा शालोम त्यांनी कसा म्हटला ते त्यांचं त्यांनाही आठवलं नाही.

टाळ्या पडल्या. बाई मात्र उठून काकांच्या मागे गेल्या, कागदाची कोरी बाजू बघितली आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही मागून का वाचलंत?"

पितळ झाकायला अजूनही जागा होती. पण समोर काकू बसल्या होत्या, त्यांनी भर सभेत बरोबर अक्षर सांगितलं होतं, आणि त्यापुढे काकांना लपवाछपवी लहान वाटायला लागली.

"बाई, मला पुढून येत नाही," ते म्हणाले. "मी शिशावरून शिकलो. मला फक्त उलटं येतं."

मग अनुस्वार उभा राहिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो काकांच्या बाजूने बोलत होता. "यात त्याची चूक नाही, बाई. शिसं वाचणं त्याचं काम. कागद वाचणं माझं. आमच्यात तसंच असतं."

"पण ह्यांना कसं आलं?" बाईंनी काकूंकडे हात केला.

काकू संकोचल्या. "फडताळात ह्यांचे कागद अंथरलेत. सहा आठवडे रोज डबा काढायचा, डबा ठेवायचा. समोर अक्षर, खाली नाव. आणि बाहेर ह्यांचं घोकणं चालू. न येऊन जातील कुठे?"

"सगळी येतात?" अनुस्वारने विचारलं.

"साखरेच्या डब्याखालची जरा कच्ची आहेत. तो डबा जड, सारखा उचलत नाही."

अनुस्वारने खिशातली लाल पेन्सिल काढली. काकांनी आयुष्यात ती त्याच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलेली बघितली नव्हती. त्याने ती दोन्ही हातांनी काकूंपुढे धरली. "घ्या वहिनी. त्या कोपऱ्यासाठी. मलाही दिसला होता, पण मला त्याचं नाव माहीत नव्हतं."

घरी परत येताना काका चार पावलं पुढे चालले नाहीत, नेहमी चालतात तसे. जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या आणि म्हणाल्या, "काका, कमाल केलीत." काका म्हणाले, "मी काहीच नाही. हिला विचारा. ही सुलटं वाचते." इमारतीत वरच्या मजल्यापर्यंत जायचं काही काम नसताना ते वरच्या मजल्यापर्यंत जाऊन हे सांगून आले.

पुढच्या बुधवारी सकाळी काकांनी खण उघडला आणि फार विचार करून काकूंचं नाव जुळवलं. शाई फिरवली, कागद ठेवला, लाटणं दाबलं. पहिल्याच फटक्यात कागद स्वच्छ निघाला. तो घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर ठेवला.

काकूंनी हात पुसले. कागद उजवीकडून डावीकडे नीट वाचला, पुन्हा वाचला. आपलं नाव आहे हे कळल्यावर त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलं नाही. मग कानामागची लाल पेन्सिल काढून दुसऱ्या अक्षराभोवती एक गोल काढला.

"हे डोक्यावर उभं आहे," त्या म्हणाल्या.

काकांनी चष्मा लावून टेबलावरचं शिसं तपासलं. होतं. चाळीस वर्षांत अशा शेकडो लाल खुणा त्यांनी दात-ओठ खात दुरुस्त केल्या होत्या. ही त्यांनी केली नाही. तो कागद त्यांनी लाल गोलासकट चौकटीत बसवला आणि बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला पहिला दिसेल असा लावला.