आधी आलेला माल आधी बाहेर

मी आधीच सांगून ठेवतो, उद्या खरंच मेलेली माणसं उठून रस्त्यावर चालायला लागली ना, तर आमच्या गल्लीत शेवटपर्यंत जिवंत राहणारा माणूस मी असेन! हसू नका. गेली बावीस वर्षं मी नळाच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळतोय. एक वॉशर इकडचा तिकडे झाला तरी मला घरी बसून कळतं. संकटात माणूस कशानं मरतो? हवी ती वस्तू वेळेवर सापडत नाही म्हणून मरतो!

हे व्याख्यान मी लेकीला दर रविवारी द्यायचो. ती तेव्हा टीव्हीसमोर मांडी घालून तिचा तो झॉम्बींचा खेळ खेळत असायची. खेळ तसा साधा. जग बुडालंय, बाहेर मेलेली माणसं हिंडतायत आणि आपल्या बाईनं एका घरात लपून शंभर दिवस काढायचे. शंभराव्या दिवशी किनाऱ्याला बोट येते. पण बाई मेली की संपलं, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात! लेक आतापर्यंत सहा वेळा मेली होती. एकदा तर एकोणनव्वदाव्या दिवशी, तेही शिडीवरून पडून. या सातव्या खेपेला मात्र तिनं कमाल केली होती. नोकरी सांभाळून दोन महिने खपून तिनं सत्त्याण्णवावा दिवस गाठला होता.

आणि नेमकी त्याच सकाळी तिची दाढ ठणकायला लागली. दंतवैद्यानं फोनवर सांगितलं, "लगेच येत असाल तर घेतो, नाहीतर मंगळवारी."

"मग बंद करून जा की," मी म्हटलं.

"बाबा, हा खेळ मध्येच थांबत नाही! ती झोपली तरच सेव्ह होतो, आणि उजेडात ती झोपत नाही." गाल धरून लेक चपला शोधत होती. "तुम्ही फक्त इथे बसा. अंधार पडला की तिला पलंगावर न्या आणि हे बटण दाबा. एवढंच!"

"अगं, बावीस वर्षं मी..."

"बाबा, कशालाही हात लावायचा नाही!"

पहिली दहा मिनिटं मी खरंच हात लावला नाही. नुसता बघत बसलो. काय खेळ केलाय हो! खिडकीतून पडणारं ऊन हळूहळू सरकतं. बाहेर खडीवर पाय वाजला तर तो इतका खरा वाजतो, की आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण आलंय बघा हो!" मी मनापासून सांगतो, करणाऱ्यांचे पाय धुऊन पाणी प्यावं.

मग मी बाईला जरा आतल्या खोलीत फिरवलं. ती कोठीची खोली होती म्हणे. वाटाण्याच्या डब्यांवर खिळे, खिळ्यांवर मोजे, मोज्यांत गोळ्यांची पाकिटं! पोरगी सत्त्याण्णव दिवस जगली कशी, हाच चमत्कार होता. आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी दुसरा कोणी गप्प बसला असता का?

लागलो कामाला. आणि तेव्हा कळलं, की हा खेळ करणाऱ्यांपैकी एकानंही आयुष्यात गोदाम बघितलेलं नाही! बाई अठरा किलोच्या वर एक खिळा उचलत नाही. पेटी उघडायला सांगितली, की एक गोल भरत बसतो. सात सेकंद! बंद करायला पुन्हा सात. आणि मधेच खाली अक्षरं येतात, "तिला उदास वाटतंय." अगं बाई, कामाच्या वेळेत?

पण मी हटलो नाही. तासाभरात सहा पेट्या लावल्या. खाणं वेगळं, हत्यारं वेगळी, औषधं वेगळी. प्रत्येक पेटीत जुना माल वर, नवा खाली. आधी आलेला माल आधी बाहेर, या एका नियमावर माझं गोदाम चालतं. कोठीला आतून कुलूप घातलं, किल्ली बाईच्या खिशात टाकली. आणि सडलेलं मांस निघालं होतं, ते त्याआधीच, आम्ही खराब माल ठेवतो तसं नीट फाटकाबाहेर ठेवून आलो होतो.

पाचेक मिनिटांत खडीवर पावलं वाजायला लागली. खिडकीतून बघतो तर फाटकाशी तिघं! मग सात. मग मी मोजायचं सोडून दिलं.

"अहो," ही दारात येऊन उभी राहिली, हातात लाटणं. "एवढी गर्दी कशानं झाली?"

"काही नाही गं. वासानं आले असतील."

"कसल्या वासानं?"

तेवढ्यात कोठीच्या खिडकीची काच फुटली आणि एक हात आत आला! मी हातोडा घेतला. चार घाव घातले आणि हातोडा मोडला. चार! आमच्याकडचा हातोडा एकोणीस वर्षं चालतोय! पण गडी मागे पडला आणि मी खिडकीसमोर कपाट सरकवलं. जिंकलो!

"जिंकलो काय? तिच्या दंडातून रक्त येतंय!" ही पटकन माझ्या शेजारी टेकली. आमची ही तीस वर्षं परिचारिका आहे. रक्त दिसलं की तिच्यातली बायको जाते आणि वॉर्डची मोठी सिस्टर येते. "पट्टी! लवकर!"

"पेटी क्रमांक सहा, वरचा थर!" मी म्हटलं. अभिमानानं ऊर भरून आला होता. शोधाशोध नाही, गोंधळ नाही! सात सेकंदांत पट्टी बांधून मोकळा. रक्त थांबलं.

"बघितलंस? याला म्हणतात व्यवस्था!"

ही टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "अहो, ही पट्टी तपकिरी का दिसतेय?"

"जुनी आहे. आधी जुनीच काढायची असते."

"जुनी म्हणजे वापरलेली?"

"थोडीशी."

"वापरलेली पट्टी उघड्या जखमेवर? अहो, खाली नव्या कोऱ्या बारा पट्ट्या दिसतायत!"

"त्यांचा नंबर अजून आला नव्हता!"

तिनं कपाळावर लाटणं मारून घेतलं. बाईचं अंग तापलं, पडदा लाल झाला. ही एकेक औषध सांगत होती, मी पेट्या उघडत होतो आणि तो मेला गोल सावकाश भरत होता. बाहेर सूर्य टेकला होता. अजून पाच मिनिटं काढली असती तर झोपवता आलं असतं. बाई पलंगापर्यंतही पोचली नाही, पेटी क्रमांक सहापाशीच आडवी झाली. पडद्यावर अक्षरं आली, "तुम्ही सत्त्याण्णव दिवस जगलात."

मला खरंच रडू आलं. खेळातल्या बाईसाठी नाही हो, लेकीसाठी. सहा वेळा मेलेली पोरगी, आणि सातव्यांदा बापानं मारली!

लेक आली ती अर्धा गाल सुजवून. भुलीमुळे तोंड उघडत नव्हतं. तिनं टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडता येत नाही म्हणून तिनं आधी उशी फेकली, मग दुसरी उशी, मग माझ्या चपलांची जोडी. मी सगळं झेललं. मान खाली घालून पट्टीपर्यंतची सगळी हकिकत सांगितली.

मग डोळे पुसून तिनं आठवा डाव सुरू केला. नवी बाई, पण जग तेच. म्हणजे जुन्या घरातला माल जागेवरच असणार! नवी बाई चोरपावलांनी कोठीच्या खिडकीशी गेली आणि कपाटाच्या फटीतून तिनं आत बघितलं.

सहाही पेट्या ओळीत होत्या. आणि त्यांच्यासमोर, तपकिरी पट्टी बांधलेली आमची जुनी बाई झॉम्बी होऊन येरझाऱ्या घालत होती. पहिली पेटी ते सहावी, सहावी ते पहिली. दाराला आतून कुलूप, किल्ली तिच्याच खिशात!

"मेली तरी किल्ली सोडत नाहीये," ही म्हणाली. "कोणावर गेलीय, वेगळं सांगायला नको."

लेकीला हसू फुटलं. अर्ध्याच तोंडानं हसली, पण हसली! मग तिनं नव्या बाईच्या हातात कुऱ्हाड दिली आणि रिमोट माझ्यापुढे धरला. म्हणजे निस्तरा आता.

मी कुऱ्हाड उचलली. पण नाही हो झालं माझ्याच्यानं. इतकी चोख राखण करणारं माणूस मला बावीस वर्षांत मिळालेलं नाही!

लेक आता शेजारच्या पडक्या झोपडीत राहून पुन्हा दिवस मोजतेय. काल तेविसावा होता. मला टीव्हीपासून आठ फुटांवर बसायची परवानगी आहे. रविवारी तिची दुसरी दाढ काढायची आहे, आणि खेळावर लक्ष ठेवायला या वेळी तिनं आईला सांगितलंय. मी सोबत दवाखान्यात जाणार आहे. तिकडेही कशाला हात लावायचा नाही, असं बजावलंय.