इथे बसून तिथला कॉम्प्युटर

मत्सर म्हणाल तर तो मला शिवत नाही. इतकी वर्षं कीर्तनं ऐकतोय, ती काय नुसती मान डोलवायला? षड्रिपूंपैकी पाच जण आमच्याकडे येऊन-जाऊन असतात, नाही म्हणत नाही. पण सहाव्याला मी उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. साडूची गोष्ट वेगळी. साडूचा मत्सर मत्सरात धरत नाहीत.

झालं असं. सासूबाईंकडे आम्ही दोन्ही जावई सहकुटुंब जमलो होतो. साडूने खिशातून फोन काढला, अंगठा टेकवला आणि म्हणाला, "घरचा कॉम्प्युटर चालू केला." त्याचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला! चहा संपायच्या आत तिथले सगळे फोटो सासूबाईंच्या टीव्हीवर.

"अगं बाई, इथे बसून?" सासूबाई म्हणाल्या.

हे "अगं बाई" ऐकायला मी लग्नापासून आसुसलोय. त्यांचा फ्रिज एकट्याने जिना चढवून दिला, तेव्हा त्या "भिंतीला खरचटलं वाटतं" एवढंच म्हणाल्या होत्या.

विचारलं असतं तर साडूने आनंदाने शिकवलं असतं. तीच तर अडचण! तो हात धुवायला गेला तेव्हा त्याचा फोन सोफ्यावर उघडाच होता, सेटिंगचं पान वर. मी गुपचूप त्या पानाचा फोटो काढला. घरी येऊन तेच ॲप घेतलं आणि त्याच्या पानावर जे होतं ते माझ्या पानावर जसंच्या तसं उतरवलं. काना-मात्रेचा फरक नाही. बटण दाबलं. हिरवी खूण उमटली: 'सिग्नल पोहोचला'. माझा कॉम्प्युटर सकाळपासून चालूच होता, तो आणखी किती चालू होणार? पण खूण आली म्हणजे आली. देव तरी भक्ताला याहून जास्त काय देतो?

संधीही लगेच चालून आली. सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्यांना कानाचं यंत्र मिळालं, पण ते चालू करायला त्या तयार होईनात. "पहिला आवाज ह्यांचाच ऐकणार," म्हणाल्या. हे म्हणजे आमचे सासरे, सगळ्यांचे आप्पा. आता नाहीत. कीर्तनात बुवांच्या मागे उभे राहून साथ करायचे. एकदा ऐन रंगात बुवांचा घसा बसला आणि शेवटचा सगळा भाग आप्पांनी एकट्याने गायला. त्याचं रेकॉर्डिंग जगात एकाच ठिकाणी होतं, माझ्या कॉम्प्युटरमध्ये.

"पेनड्राइव्हवर घेऊन चला," बायको म्हणाली.

"पेनड्राइव्ह काय, पोस्टमनही आणून देईल."

"पोहोचेल तरी."

मी दुर्लक्ष केलं. सासूबाईंकडे सगळे जमले. त्या सोफ्यावर मधोमध, यंत्र कानात, बोट त्याच्या बटणावर. मी विज्ञान आणि भक्ती यांवर छोटासा पूर्वरंग केला, फोन टीव्हीला जोडला आणि बटण दाबलं. हिरवी खूण! टीव्हीवर मात्र आलं, 'कॉम्प्युटर सापडत नाही'.

"आले का हे?" सासूबाई ओरडल्या. यंत्र बंद, त्यामुळे पट्टी वरची.

"निघालेत!" मी ओरडलो.

तेवढ्यात साडूचा फोन वाजला. घरून त्याचे वडील. त्यांचा आवाज असा, की फोन कानाला लावायची गरज नाही. "अरे, तुझा कॉम्प्युटर आपोआप सुरू झालाय."

"बाबा, तुमचा हात लागला असेल. बंद करा."

"मी पलंगावर होतो. माझा हात काय एवढा लांब आहे?"

मी पुन्हा दाबलं. साडूचा फोन पुन्हा वाजला. "आत्ता बंद केला, परत उठलाय बघ."

साडूचा चेहरा उतरला. "कुणीतरी बाहेरून घुसतंय माझ्या कॉम्प्युटरमध्ये."

काय गारवा वाटला म्हणून सांगू! "होतं असं," मी म्हणालो. "ज्ञान अर्धवट असलं की दारं उघडी राहतात." आणि तिसऱ्यांदा दाबलं.

साडूचा फोन वाजला.

टाळामागून मृदंग वाजावा, इतक्या तालात. माझं बोट हवेतच राहिलं. मी हळूच साडूच्या सेटिंगचा तो फोटो उघडून पाहिला. प्रत्येक कॉम्प्युटरचा आपला एक नंबर असतो. त्यावरूनच सिग्नलला घर सापडतं. मी काना-मात्रेसकट उतरवला होता तो साडूच्या कॉम्प्युटरचा! माझा बिचारा घरी गाढ झोपलेला.

"बाबा, सरळ प्लग उपटा," साडू फोनवर म्हणाला.

"अहो, थांबा ना," मेव्हणी मध्ये पडली. "चालू झालाच आहे तर त्यावरूनच लावा की. आप्पांचं गाणं आहे आपल्याकडे. ताईने मला कधीच पाठवलंय."

मी ताईकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे पाहिलं. ती अतिशय एकाग्रतेने पंखा बघत होती.

"गाणं कसलं, चोर शिरलाय आत. बाबा, उपटा."

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. साडूची फजिती झाली असती, आणि उद्या पेनड्राइव्ह घेऊन मी एकटाच आलो असतो, एकटाच "अगं बाई" घेऊन गेलो असतो. पण सासूबाईंचं बोट अजून त्या बटणावर होतं. "आले का हो?" त्यांनी विचारलं. या वेळी ओरडल्या नाहीत.

"उपटू नका!" मी म्हणालो. "चोर नाहीये. उत्तम प्रतीचे कॉम्प्युटर असे आपोआप उठतात कधीकधी."

"खरंच?" साडूने विचारलं.

"तुमचा आहेच तसा," मी म्हणालो. हे वाक्य दाढ उपटल्यासारखं बाहेर आलं.

साडूने अंगठा फिरवला. टीव्हीतून टाळ ऐकू आले. सासूबाईंनी यंत्र चालू केलं, आणि नेमके आप्पा खाकरले.

"बघा," सासूबाई हसत हसत म्हणाल्या, "खाकरल्याशिवाय एक ओळ नाही." मग आप्पा गायला लागले आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. दोन्ही मुलीही रडल्या. मीही, उगाच खोटं कशाला बोलू?

गाणं संपलं. सासूबाई साडूकडे वळल्या. "अगं बाई, इथे बसून ह्यांना आणलंत." मग माझ्याकडे बघून मायेने म्हणाल्या, "मोठे जावई, तुम्हीही शिकून घ्या ना यांच्याकडून. फार अवघड नसेल."

मी मान डोलावली. इतकी वर्षं कीर्तनं ऐकलीत, तेवढं जमतं.