कपिलेची त्रिज्या

मी भूमितीला घाबरत नाही, भूमिती मला घाबरते! गेली एकोणीस वर्षं नाशकात दहावीच्या पोरांना वर्तुळ शिकवतोय. जीवा, छेदिका, स्पर्शिका... मला झोपेतून उठवून विचारा, प्रमेय सिद्ध करूनच पुन्हा आडवा होईन. त्यामुळे सासुरवाडीच्या मळ्यात 'गाय कुठं बांधायची?' असा प्रश्न निघाला, तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या.

मखमलाबादच्या पुढे माझ्या सासूबाईंचा, म्हणजे रंगूबाईंचा, फुलांचा मळा आहे. सासरे गेल्यापासून त्या एकट्याच बघतात. त्या दिवशी दुपारी साडेबाराला शेजारच्या पूजाचं लग्न होतं. पूजाला वडील नाहीत. 'पोरी, तुझा मांडव मी पांढऱ्या शेवंतीनं भरून टाकीन,' असा शब्द रंगूबाईंनी तिला दिला होता. त्यासाठी शेवंतीचा एक वाफा त्यांनी चार महिने पोटच्या लेकरासारखा सांभाळला होता, आणि त्याची तोडणी त्याच सकाळी होती. पण गोठ्यात लग्नाची भांडी रचलेली, त्यामुळे कपिला गाय बाहेर. आणि कपिलेला शेवंतीइतकं जगात दुसरं काही आवडत नाही!

"तिला लांब रस्त्याकडं बांधा," रंगूबाई म्हणाल्या.

"कशाला? वाफ्याशेजारी एवढं गवत पडलंय!" मी म्हणालो. "तो खांब आहे ना, तिथं बांधू."

वाफ्यापासून थोड्या अंतरावर सिमेंटचा एक गोल, जाडजूड खांब उभा आहे. कधीकाळी पाण्याची टाकी व्हायची होती. एक खांब झाला आणि टाकी राहिली. दोन माणसांनी कवेत घ्यावा एवढा त्याचा घेर.

मी चष्मा वर सरकवला आणि टेप काढला. खांबापासून वाफ्याच्या कडेपर्यंत चाळीस फूट. त्यातून गाईची मान आणि जीभ धरून सहा फूट वजा केले. हो, जीभसुद्धा धरली! "हे बघा," मी समजावून सांगितलं, "खांब म्हणजे केंद्र. दोर म्हणजे त्रिज्या. गाय फिरेल ते वर्तुळ. आणि वाफ्याची कड ही त्याची स्पर्शिका. स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत शिवते, आत घुसत नाही. गाय फुलाचा वास घेईल, पण फूल तिच्या तोंडात जाणार नाही!"

मळ्यावर राहणारा मंगळू मूळचा सुरगाण्याचा. तो हातात लोखंडी खुंटा आणि त्यावर गरगर फिरणारी भोवरकडी घेऊन उभा होता. "सर, हा खुंटा..." एवढंच म्हणाला.

"नको रे! आयता खांब असताना खुंटा कशाला?"

मंगळूनं रंगूबाईंकडे पाहिलं. रंगूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू म्हणत्यात तर बरोबरच असंल," त्या म्हणाल्या. खुंटा परत गेला. मी दोराची एक पक्की गाठ खांबाला मारली आणि दुसरं टोक कपिलेच्या गळ्यात अडकवलं.

सकाळचे साडेसहा वाजले होते. तोडणीच्या बाया सात वाजता येणार होत्या. वर्गात दाखवायला फोटो घ्यावा म्हणून मी चहाचा कप घेऊन खांबाशीच एका दगडावर टेकलो. कपिला लांब बसून रवंथ करत होती. इतक्यात गंगापूर धरणाच्या बाजूनं धुकं उतरलं.

उतरलं म्हणजे काय, अंगावरच आलं! आधी वाफा गेला, मग गाय गेली, मग माझे स्वतःचे बूट गेले. आवाजसुद्धा नाहीसे झाले. पाखरू नाही, पंप नाही, रस्त्यावरची गाडी नाही. चहाचा कप तोंडाशी नेला तेव्हाच तो मला दिसला.

आणि मग ते ऐकू आलं.

चर्र... चर्र... ओल्या गवतातून कोणीतरी चालत होतं. उजवीकडून समोर, समोरून डावीकडे, मग खांबाच्या मागे. थोड्या वेळानं पुन्हा उजवीकडून. माझ्याभोवती कोणीतरी गोल फिरत होतं.

'गाय असेल,' मी स्वतःला म्हणालो. घाबरायचं काय त्यात!

पण दुसऱ्या फेरीला आवाज जवळून आला.

इथं माझं एकोणीस वर्षांचं शिक्षण माझ्या छातीवर येऊन बसलं. वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू केंद्रापासून समान अंतरावर असतो! मी केंद्रापाशी आहे. गाय वर्तुळावर आहे. ती जन्मभर फिरली तरी एक इंचही जवळ येऊ शकत नाही. हे जवळ येतंय. म्हणून, ही गाय नाही. सिद्धता पूर्ण!

असा घाम मला बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा फुटला नव्हता.

इतक्यात पायावरून काहीतरी सरकलं. गार, ओलं, लांबलचक. ते गुडघ्यावरून वर आलं, पोटावर आलं आणि छातीशी थांबलं. मग हळूहळू आवळू लागलं. कप हातातून पडला. मी उठायला गेलो तर उठता येईना. कोणीतरी मागून मला मिठी मारून खांबाशी दाबून धरलं होतं, आणि ती मिठी दर फेरीला आणखी घट्ट होत होती.

चर्र, चर्र. आता दहा फुटांवर. आता श्वाससुद्धा ऐकू येत होता, जड आणि ओला.

रामरक्षा म्हणावी तर पहिली ओळच आठवेना! तोंडातून जे पाठ होतं तेच बाहेर पडलं. "स्पर्शिका आणि त्रिज्या परस्परांना लंब असतात!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. "स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्याऽऽ! लंऽऽब!"

नेमक्या त्याच वेळी तोडणीच्या बाया वाफ्याशी आल्या होत्या. समोर नुसतं धुकं, आणि धुक्यातून कोणीतरी गळा दाबल्यासारखं लंऽऽब, लंऽऽब करतंय! पाट्या जागेवर टाकून सगळ्या रस्त्याकडे पळाल्या. "खांबाला धरलंय! खांबाला धरलंय!" त्यांची आरडाओरड ऐकून मला वाटलं, आणखी भुतं आली.

मग माझ्या मानेवर गरम श्वास पडला. खरखरीत, ओलं असं काहीतरी माझ्या कानावरून सावकाश फिरलं. मी डोळे मिटले. अंजलीची, म्हणजे बायकोची, मनातल्या मनात माफी मागितली.

खच्च!

मिठी सुटली. डोळे उघडले तर समोर धुक्यात डोक्यावरून पांढरं फडकं घेतलेली एक बाई, हातात विळा!

मी सुटलो! गोफणीतून सुटलेला धोंडा जसा स्पर्शिकेच्या रेषेत सरळ जातो, तसा मी नाकासमोर सरळ गेलो. चाळीस फूट गेल्यावर पाय वाफ्याच्या सरीत अडकला आणि मी पालथा पडलो. घाबरून तसाच लोळत राहिलो, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"जावईबापू!" विळा घेऊन रंगूबाई धावत आल्या. "लागलं का?"

मागून मंगळू कपिलेला घेऊन आला. दोर खांबाभोवती आणि माझ्याभोवती गुंडाळत गुंडाळत ती खांबापर्यंत पोचली होती. शेवंतीची एकही पाकळी तिनं खाल्ली नव्हती. फुलांवर लोळलो होतो मी.

"खांबाला बांधलं की दावं गुंडाळतं, सर," मंगळू म्हणाला. "कडी लावली की नाय गुंडाळत."

"अरे, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जावई," तो म्हणाला. "जावयाला कोण सांगणार?"

रंगूबाईंनी विळा बाजूला ठेवला. वाकून एकेक फूल उलटंपालटं करून बघत होत्या. निम्मा वाफा चिखलात गेला होता. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की शर्टाला चिकटलेल्या पाकळ्या झटकायचाही धीर होईना. मी खाली बसलो आणि फुलं तोडायला लागलो. जावयानं सासुरवाडीत काम करायचं नसतं, पण त्या दिवशी मला कोणी अडवलं नाही. ऊन पडल्यावर बाया परत आल्या, तोवर नऊ वाजून गेले होते.

मांडवाच्या तीन बाजू शेवंतीनं भरल्या. चौथीला झेंडू लावावा लागला. पूजा त्या बाजूकडे बघून म्हणाली, "आत्या, छानच दिसतंय हो," आणि रंगूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी झेंडूच्याच बाजूला तोंड लपवून उभा होतो.

पंगतीत एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "रंगूबाई, शेवंती कमी कशी पडली?"

मी मान खाली घातली. आता सगळ्या गावासमोर शोभा!

"काय सांगू दादा," रंगूबाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळी खांबापाशी भूत निघालं. सगळा वाफा तुडवून गेलं."

बायांनी लगेच माना डोलावल्या. म्हातारा माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही शिकलेले. तुमचा काही विश्वास नसंल?"

मी रंगूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या ताटात न विचारता जिलेबी वाढत होत्या.

"आहे," मी म्हणालो. "मी अगदी जवळून अनुभवलंय."

"बाप रे! दिसतं कसं हो?"

मी जिलेबीचा तुकडा मोडला. शेजारी बसलेल्या अंजलीनं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"चष्मा लावतं," ती म्हणाली.